साडूचे साठ हजार आणि ‘रिकामे’चा कॉलम

पत्र थोडक्यात असं आहे. वय 41, भोसरीजवळ राहतात. 14 वर्षं एका छोट्या वर्कशॉपमध्ये सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर) काम केलं, गेल्या दिवाळीनंतर मालकाने वर्कशॉप बंद केलं. हिशेब होऊन 4 लाख 60 हजार हातात आलेत, पीएफला अजून हात लावलेला नाही. बायको घरी शिवणकाम करते, मुलगी नववीत, मुलगा पाचवीत. साडू तीन वर्षांपासून ॲपवर कॅब चालवतात, ते म्हणतात महिन्याला साठ हजार कुठे गेले नाहीत. म्हणून 3 लाख डाऊन पेमेंट करून आणि 6 लाखांचं लोन काढून सीएनजीची नवी सेडान घ्यायची, असं यांनी जवळपास ठरवलंय. मधल्या काळात चाकणच्या एका कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर 19 हजार हातात अशी नोकरी सांगून आली होती, पण ‘या वयात परत कुणाच्या हाताखाली’ म्हणून त्यांनी अजून हो म्हटलेलं नाही. बायकोचा गाडीला ठाम नकार आहे. ते लिहितात, ‘ताई, तिला ड्रायव्हरची बायको म्हणवून घ्यायची लाज वाटते, तिला कसं समजवू?’

दादा,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना एका ओळीपाशी थांबले. तुम्ही लिहिलंय बायकोला लाज वाटते, पण त्याच पत्रात खाली तुम्हीच तिचं वाक्य दिलंय, ‘हे चार लाख गेले तर परत कुठून आणायचे’. यात लाज कुठे आहे हो? ही तर सरळ हिशेबाची भाषा आहे. शिवणकाम करणारी बाई आहे ती, कापड कापायच्या आधी दोनदा मोजायची सवय असते अशा माणसांना. तेव्हा तिला कसं समजवायचं हा प्रश्न जरा बाजूला ठेवू आणि तिने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडे आहे का ते आधी बघू, कारण मला पत्रात ते कुठे सापडलं नाही.

आता साडूंचे साठ हजार. साडू खोटं बोलत नाहीयेत असं धरून चालते मी. ॲपवर महिन्याचा आकडा खरंच तेवढा दिसत असेल. पण तो गल्ला आहे, कमाई नाही. किराणा दुकानदार संध्याकाळी गल्ला मोजतो आणि म्हणतो आज पंधरा हजार झाले, तेव्हा आपण असं समजत नाही की तो पंधरा हजार घरी घेऊन गेला. कॅबच्या बाबतीत मात्र सगळे हेच समजतात, चालवणारेसुद्धा, कारण पैसे रोज खात्यात पडतात आणि खर्च मात्र हळूहळू, वेगवेगळ्या दारांनी बाहेर जातो.

मी तुम्हाला एक गोष्ट सांगते. मागच्या पावसाळ्यात सकाळी साडेपाचला एअरपोर्टला निघाले होते, वाकडच्या पुढे ड्रायव्हरने विचारलं, मॅडम पाच मिनिटं सीएनजी भरू का, आता लाइन नाहीये, नंतर दीड तास जातो. सीएनजी भरताना गाडीतून उतरावं लागतं तसे आम्ही दोघं बाजूला उभे राहिलो आणि त्या माणसाने डॅशबोर्डमधून एक वही काढली, मुलीची जुनी शाळेची वही, मागच्या कव्हरवर पाढे छापलेले. आत पट्टीने आखलेले कॉलम. तारीख, सकाळचं किलोमीटर, रात्रीचं किलोमीटर, गॅस, धंदा, आणि शेवटचा कॉलम ‘रिकामे’. मी विचारलं रिकामे म्हणजे काय, तर म्हणाला, गाडी पळाली पण कस्टमर मागे नव्हता ते किलोमीटर. आदल्या दिवशीच्या रांगेत 168 किलोमीटर पळाली होती आणि रिकामे होते 71. तो म्हणाला, पहिले आठ महिने हा कॉलम नव्हता मॅडम, तेव्हा मला वाटायचं मी लय कमावतोय.

दादा, ही वही पाहिली तेव्हापासून मी कॅबवाल्यांच्या प्रत्येक पत्राला तीच लावून बघते. तुमच्यासाठी पण बसले हिशेबाला. आकडे मी अंदाजाने धरलेत, तुम्ही तुमचे घाला, पण रीत हीच ठेवा.

6 लाखांचं लोन, 11 टक्के व्याज, 5 वर्षं, म्हणजे हप्ता साधारण 13 हजार. गाडी महिन्यात 26 दिवस, रोज 160 किलोमीटर पळाली तर महिन्याला 4,160 किलोमीटर होतात. शहरातल्या ट्रॅफिकमध्ये एसी लावून किलोला 22 चं ॲव्हरेज धरलं (कंपनीच्या जाहिरातीतलं ॲव्हरेज विसरा) आणि सीएनजी 90 रुपये किलो धरला तर गॅसचेच 17 हजार. कमर्शियल गाडीचा इन्शुरन्स घरगुती गाडीपेक्षा बराच जड असतो, तो आणि टॅक्स, फिटनेस, परमिट सगळं वर्षाचं मिळून 48 हजार धरा, म्हणजे महिन्याला 4 हजार. मग सर्व्हिसिंग, ऑइल, ब्रेक, क्लच, टायर. वर्षाला 50 हजार किलोमीटर पळणार आहे ही गाडी, आपली घरची गाडी पाच वर्षांत जेवढी पळते तेवढी ही एका वर्षात, म्हणजे टायरचा सेट जवळपास दरवर्षी. यालाही 4 हजार. बाहेरचं जेवण, चहा, पार्किंग, गाडी धुणं, मोबाइल, कधी टोइंगवाल्याने उचलली तर ते, 5 हजार. आता कमिशन कापून हातात साठ आले असं जरी धरलं तरी 60 मधून 17, 13, 4, 4 आणि 5 गेले. उरले 17 हजार.

बारा तासांची ड्युटी आणि 26 दिवस म्हणजे 312 तास. तासाला 55 रुपये पण पडत नाहीत.

आणि ती चाकणची नोकरी, जिला तुम्ही अजून हो म्हटलं नाहीत, तिथे 8 तास, 26 दिवस, 19 हजार हातात, तासाला 91 रुपये. शिवाय एकूण पगार 21 हजारांच्या आत असेल तर ईएसआय, म्हणजे घरातल्या चौघांचं दवाखान्याचं बघितलं जातं, आणि पीएफमध्ये मालकाचा वाटा पडतो तो वेगळाच. टायर कुणाचा झिजतो? कंपनीचा.

तुम्ही म्हणाल, ताई, पण पाच वर्षांनी गाडी माझी होते, हप्ता म्हणजे एक प्रकारची बचतच झाली ना. हे मला प्रत्येक जण म्हणतो. तर बघा, 3 लाख डाऊन आणि पाच वर्षांचे हप्ते मिळून तुम्ही भरणार 10 लाख 80 हजारांच्या वर, आणि पाच वर्षांनी तुमच्या हातात असेल अडीच लाख किलोमीटर पळालेली पिवळ्या पाटीची गाडी. तिचे बाजारात किती येतात ते भोसरीतल्याच कुठल्याही जुन्या गाडीवाल्याला आजच जाऊन विचारा, फुकट आहे विचारायला. सोनं किंवा जमीन घेतली तर वस्तू तशीच राहते, गाडीचं तसं नाही, गाडी म्हणजे तुम्ही रोज थोडी थोडी विकत असता, फक्त पावती कोणी देत नाही.

बरं, याचा अर्थ कॅबवर कोणाचंच भागत नाही असं मी म्हणत नाहीये, तसं म्हटलं तर ते खोटं होईल. भागतं. ज्यांचा हप्ता फिटलाय त्यांचं भागतं, ज्यांना रात्रीची एअरपोर्टची वेळ झेपते त्यांचं बरं भागतं, ज्यांची ठरलेली गिऱ्हाइकं आहेत, म्हणजे शिर्डी, महाबळेश्वर, अष्टविनायक करणारी कुटुंबं ज्यांच्याकडे यांचा नंबर आहे, त्यांचं चांगलंच भागतं. ज्याची नवी गाडी, नवा हप्ता आणि सगळी मदार एका ॲपवर, त्याची मात्र ओढाताण होते. तुम्ही नेमके त्या शेवटच्या जागी उडी मारताय, तीही हातातल्या पैशांतले दोन तृतीयांश घालून.

आणि ‘कुणाच्या हाताखाली’ या शब्दांवर मला जरा बोलायचंय, राग मानू नका. चौदा वर्षं मालकाचं ऐकून शेवटी त्याने एक दिवस कुलूप लावलं, त्यानंतर परत कुणाला साहेब म्हणायचं नको वाटणं हे मला अगदी कळतं. पण ॲपवर तुम्ही मालक असता का? भाडं किती हे तुम्ही ठरवत नाही. ड्युटी कुठली पडणार ते तुम्हाला माहीत नसतं. कस्टमरने चिडून एक तक्रार टाकली तर आयडी ब्लॉक होतो आणि मग बोलायला समोर माणूसच नसतो, मेसेजला मेसेज येतात नुसते, आणि आयडी बंद असला तरी पाच तारखेला हप्ता मात्र जातोच. वर्कशॉपचा मालक निदान केबिनमध्ये सापडायचा तरी. पुण्यात आरटीएने (प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाने) 2024 च्या सुरुवातीपासून एसी कॅबला पहिल्या दीड किलोमीटरला 37 आणि पुढे किलोमीटरला 25 रुपये असा दर ठरवला, पण ॲपवर तो पडेना, म्हणून 2025 मध्ये ड्रायव्हर लोक कस्टमरकडे मीटरप्रमाणे पैसे मागायला लागले आणि रोजची वादावादी सुरू झाली. म्हणजे सरकारने ठरवलेला दर घ्यायला पण मागच्या सीटवरच्या माणसाशी भांडायचं. (कस्टमर म्हणून मीही वैतागलेय या ‘कॅश की ऑनलाइन, ड्रॉप कुठे’ वर. पण संध्याकाळी गॅस भरायला आज रोख लागते हे त्या वहीवाल्यामुळे कळलं, तेव्हापासून सुटे घेऊन बसते.)

साडूंचं ऐकताना अजून एक गोष्ट लक्षात ठेवा, या धंद्यात कोण कधी आला यावर फार असतं. 2015-16 च्या सुमारास कंपन्यांना ड्रायव्हर हवे होते तेव्हा इन्सेन्टिव्हचा पाऊस पाडला होता, लोकांनी गावाकडचं विकून गाड्या घेतल्या, एकाच्या दोन केल्या. मग इन्सेन्टिव्ह आटले, हप्ते राहिले, आणि ऑक्टोबर 2018 मध्ये मुंबईत ओला-उबरच्या ड्रायव्हरांचा संप चांगला लांबला. तेव्हा किती गाड्या फायनान्सवाल्यांनी ओढून नेल्या ते जुन्या ड्रायव्हरांना विचारा, चहा संपेल पण गोष्टी संपणार नाहीत.

हल्ली नवीन म्हणजे ‘झिरो कमिशन’. ओलाने जून 2025 मध्ये देशभर ते जाहीर केलं, बाकीचेही त्या वाटेने चाललेत. ऐकायला गोड आहे आणि काही जणांना फायदा होतोय हेही खरं. पण त्यात कंपनीला रोजचे किंवा ट्रिपांच्या हिशेबाने ठरलेले पैसे आधी भरायचे असतात, मग धंदा होवो न होवो. दिवाळीच्या आठवड्यात पुणं रिकामं होतं, गणपतीत पेठांतले रस्ते बंद, हिंजवडीच्या जॅममध्ये तासाला चार किलोमीटर, त्या दिवशीही तुमचे पैसे आधी गेलेले असतात. कमिशन असेल तिथे केंद्राच्या जुलै 2025 च्या गाइडलाइन्सप्रमाणे स्वतःच्या गाडीवाल्या ड्रायव्हरला भाड्याचे किमान 80 टक्के मिळायला हवेत, हे माहीत असू द्या, ट्रिपचा ब्रेकअप काढून तपासत जा.

मग करायचं काय. मला विचाराल तर गाडी घेऊ नका असं नाही, आत्ता घेऊ नका.

आधी टॅक्सीचा बॅज, म्हणजे प्रवासी गाडी चालवायची परवानगी, काढा. त्याला पोलीस व्हेरिफिकेशन लागतं, आरटीओच्या फेऱ्या होतात, पण खर्च गाडीच्या मानाने काहीच नाही आणि एकदा काढला की कामाला येतो. मग ज्याच्याकडे दोन-तीन गाड्या आहेत आणि ड्रायव्हर मिळत नाहीये अशा मालकाची गाडी रोजचं भाडं ठरवून घ्या, असे मालक पिंपरी-चिंचवडमध्ये ढिगाने आहेत, साडूंच्या ओळखीत दोन तरी निघतील. दोन महिने चालवा. पूर्ण दोन महिने, नुसता लग्नसराईचा एक चांगला आठवडा बघून ठरवू नका. आणि पहिल्या दिवसापासून वही. पट्टीने कॉलम आखायचं काम मुलीला द्या, नववीतली पोरगी तुमच्यापेक्षा नीट करेल, आणि रात्री आकडे बायकोने लिहायचे, तुम्ही सांगायचे. हे मी गंमत म्हणून सांगत नाहीये. दोन महिन्यांनी जो आकडा येईल तो तिने स्वतःच्या हाताने लिहिलेला असेल, मग कोणी कोणाला समजवायची वेळच येणार नाही, तो हो असो की नाही असो.

घेताना त्या मालकाशी तीन गोष्टी स्पष्ट बोलून घ्या. ॲक्सिडेंट झाला तर खर्च कोणाचा, चलन कोणाच्या नावावर, आणि गाडी गॅरेजला असेल त्या दिवसाचे पैसे द्यायचे की नाही. जमलं तर कागदावर. आणि इन्शुरन्सचा, फिटनेसचा आणि सीएनजी टाकीच्या हायड्रो टेस्टचा (दाबाच्या तपासणीचा) कागद स्वतःच्या डोळ्यांनी बघा, ती टेस्ट दर तीन वर्षांनी लागते आणि जुन्या गाड्यांचे मालक तीच नेमकी विसरतात. इथे एक सूचना सगळ्यांसाठीच, कारण मला अशी पत्रं फार येतात: पांढऱ्या पाटीची घरची गाडी किंवा मित्राची बाइक घेऊन ‘थोडे दिवस बघतो’ म्हणून प्रवासी भाडं मारू नका. पकडलं तर दंड आहेच, पण अपघात झाला तर इन्शुरन्सवाले हात वर करतात आणि मग घर विकायची वेळ येते.

कंपनीच्या स्टाफची पिकअप-ड्रॉप हाही एक रस्ता आहे, चाकण, हिंजवडी, खराडीत ते काम भरपूर असतं, ठरलेला रूट असतो, ॲपची लॉटरी नसते. फक्त व्हेंडरकडून, म्हणजे कंपनीला गाड्या पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, पैसे उशिरा सुटतात, कधीकधी दीड-दोन महिने, म्हणून तेवढे दिवस गॅस आणि हप्ता चालवायला हातात रक्कम पाहिजे. तुम्ही 3 लाख डाऊनला घातलेत तर ती राहणारच नाही. हे असं एकात एक अडकलेलं आहे बघा.

तब्येतीचंही लिहिते कारण तुम्ही त्याबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही. सीएनसीवर उभं राहून काम केलंत, आता बारा तास बसून करायचं. कंबर जाते. लघवीला जागा नाही म्हणून लोक पाणीच पीत नाहीत आणि मग मुतखडा घेऊन बसतात, ज्या ज्या ड्रायव्हरशी मी बोललेय त्यातल्या निम्म्यांनी तरी हे सांगितलं. एक्सप्रेसवेवर पहाटे तीन ते पाच डोळा लागतो तो वेगळाच. वय 41 म्हणजे म्हातारपण नाही, पण साडू जर तुमच्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी लहान असतील तर त्यांचे बारा तास आणि तुमचे बारा तास सारखे नसतात.

पुढेमागे चालवायचं ठरलंच तर दोन सोप्या गोष्टी. ई-श्रम पोर्टलवर गिग वर्कर (ॲपवर काम करणारा) म्हणून नाव नोंदवा, कारण सामाजिक सुरक्षा संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालीये आणि त्यात ॲप कंपन्यांनी आपल्या उलाढालीतला वाटा कामगारांच्या फंडात टाकायचा आहे. त्यातून हातात काय आणि कधी पडतं ते पडो, पण नाव नसेल तर काहीच पडणार नाही. आणि रिटर्न भरा. ॲपवाले टीडीएस कापतात, 1 ऑक्टोबर 2024 पासून तो 1 टक्क्याऐवजी 0.1 टक्का झालाय, रक्कम फुटकळ वाटेल, पण रिटर्न असला तर पुढच्या लोनला किंवा मुलीच्या एज्युकेशन लोनला दाखवायला उत्पन्नाचा कागद होतो.

आता तुमच्या त्या 4 लाख 60 हजारांचं. सहा महिन्यांचा घरखर्च आधी बाजूला काढा आणि एफडीत टाका, त्याला तोंडावर कोणी कितीही ‘चान्स’ आणला तरी हात लावायचा नाही. पीएफ आहे तिथेच राहू दे. मुलगी नववीत आहे, अजून दोन वर्षांनी अकरावीची फी येतेय, आणि हप्त्याला ते माहीत नसतं.

अजून एक विचारायचं होतं, वर्कशॉपवाल्याने ग्रॅच्युइटी दिली का? पाच वर्षांच्या वर सलग नोकरी असेल आणि तिथे दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार या हिशेबाने ती मिळायला हवी, चौदा वर्षांचे बरे पैसे होतात. हिशेबाच्या कागदावर तो शब्द आहे का बघा, नसेल तर कामगार आयुक्तालयात जाऊन विचारा. पुण्यात वाकडेवाडीला त्यांचं ऑफिस आहे.

साडूंना आज रात्री फोन करा आणि प्रेमाने एकच गोष्ट मागा, गाडीच्या ओडोमीटरचा फोटो, आज एक आणि बरोबर एक महिन्याने एक. त्यांनाही स्वतःचा आकडा माहीत नसेल अशी मला दाट शंका आहे. आणि चाकणच्या त्या कंपनीला सोमवारच्या आत फोन लावा. जागा भरली असेल तर भरली, पण विचारा. शिफ्ट सकाळची मिळत असेल तर रविवारी मालकाची गाडी घेऊन वही सुरू करता येते, वेळ दोन महिन्यांपेक्षा बराच जास्त लागेल इतकंच. वहिनींना माझा नमस्कार सांगा, आणि वहीतल्या पहिल्या आठवड्याचे आकडे मला जरूर पाठवा, रिकामेच्या कॉलमसकट.